कानातला मळ: सोडायचा कधी, मऊ करायचा कसा आणि डॉक्टरकडे कधी जायचं

कोल्हापुरात कान कोरायला काय वापरत नाहीत, असं विचारलेलं बरं. आगकाडी, सेफ्टी पिन, केसातला आकडा, मोटरसायकलची चावी, बॉलपेनचं टोपण. किल्ल्यांच्या जुडग्याला चांदीचं कानकोरणं अडकवलेले आजोबा अजूनही भेटतात. नव्या पिढीच्या हातात कापसाचे बड्स आले, इतकाच फरक. हत्यार कुठलंही असो, होतं एकच: भोकाजवळचा थोडा मळ टोकाला लागून बाहेर येतो, तो बघून समाधान वाटतं, आणि उरलेला ठासणीच्या बंदुकीत दारू ठासावी तसा आत जातो. आठ-दहा वर्षं हे चाललं की एक दिवस न्हाताना कान गच्च होतो आणि घरात ओरड सुरू होते, ‘अहो, ऐकू येईना झालंय!’

म्हणून या लेखात मळ काढण्यापेक्षा न काढण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

मळ येतो कुठून, जातो कुठे

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण २.५ सेंमी लांब असते आणि थोडी वळणाची असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, आतला दोन तृतीयांश हाडाचा. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि बारीक केस फक्त बाहेरच्या भागात असतात. आत हाडावरची कातडी फार पातळ असते आणि तिथे मळ तयारच होत नाही. त्यामुळे डॉक्टरांना पडद्याला टेकलेला मळाचा गोळा दिसला, तर बहुतेक वेळा तो कुणीतरी ढकलून तिथे पोचवलेला असतो.

मळात दोन प्रकारच्या ग्रंथींचे स्राव, झडलेली कातडी, केस आणि बाहेरची धूळ असते. झडलेल्या कातडीचा वाटा सर्वांत मोठा. हे मिश्रण किंचित आम्लधर्मी असतं, जंतू आणि बुरशीला आळा घालतं, तेलकट असल्याने पाणी कातडीत मुरू देत नाही. मळ अजिबात नसलेला कान कोरडा पडतो आणि खाजतो. मग तो खाजतो म्हणून माणूस पुन्हा काडी घालतो, आणि चक्र सुरू राहतं.

बाहेर यायची सोय निसर्गानेच केली आहे. कानाच्या पडद्यावरची कातडी मध्यापासून कडेकडे आणि मग नळीतून बाहेरच्या दिशेने सरकत असते, दिवसाला जेमतेम ०.१ मिमी. चावताना आणि बोलताना जबडा हलतो, त्यानेही मळ सुटून पुढे येतो. भोकाशी आला की आंघोळीच्या वेळी टॉवेलच्या टोकाने पुसायचा. आपलं काम तेवढंच.

काहींचा मळ पिवळसर-तपकिरी आणि चिकट असतो, काहींचा राखाडी, कोरडा, कोंड्यासारखा सुटणारा. हा स्वच्छतेचा प्रश्न नाही. एबीसीसी११ नावाच्या जनुकावर ते ठरतं, हे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं. पूर्व आशियात कोरडा मळ जास्त, युरोप-आफ्रिकेत चिकट, आपल्याकडे दोन्ही सापडतात. एकाच घरात सुनेचा एक आणि सासूबाईंचा दुसरा असू शकतो, त्यावरून कुणी कुणाला घाण म्हणायचं कारण नाही.

मग काहींचाच कान का बुजतो? अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने मळाबद्दलच्या मार्गदर्शक सूचना २०१७ मध्ये सुधारल्या. त्यांत म्हटलं आहे की साधारण दहातल्या एका मुलाला, वीसातल्या एका प्रौढाला आणि वृद्धांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांना मळ साचण्याचा त्रास होतो. म्हातारपणी मळ कोरडा होतो, कानातले केस जाड होतात, आणि मळ सरकत नाही. ज्यांची नळी जन्मतः अरुंद आहे, ज्यांना कानात एक्झिमा आहे, जे श्रवणयंत्र लावतात, जे तासन्‌तास कानात बोंडवाले इअरफोन घालतात, त्यांचंही तेच. याच सूचनांतली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: त्रास नसेल आणि डॉक्टरांना आतला पडदा पाहण्याची गरज नसेल, तर मळ दिसला तरी काढायचा नाही.

पायरी १: मळच आहे का, ते बघा

कान भरल्यासारखा वाटणं, कमी ऐकू येणं, आपलाच आवाज डोक्यात घुमणं, कानात गुंग आवाज, हलकी खाज, कधी कधी चक्कर. काहींना उगाचच कोरडा खोकला येतो, कारण नळीच्या कातडीला व्हेगस मज्जातंतूची एक शाखा जाते आणि मळ तिला डिवचतो. खोकल्याची दोन औषधं संपवल्यावर कानात मळ सापडला, असं होऊ शकतं.

मळाची एक खूण पाण्याशी जोडलेली आहे. उन्हाळ्यात विहिरीत किंवा तलावावर पोरं सूर मारतात, वर येतात आणि एक कान बंद. त्यांना वाटतं पाणी आत अडकलं. बऱ्याचदा आधीपासून बसलेला मळ पाणी पिऊन फुगलेला असतो. पाणी अडकलं असेल तर डोकं कलंडल्यावर थोड्या वेळात सुटतं. मळ फुगला असेल तर दुसऱ्या दिवशीही कान तसाच राहतो.

पायरी २: गुणगुणून पाहा

एकाच कानाने कमी ऐकू येत असेल तर ओठ मिटून ‘म्‌म्‌म्‌’ असा खालच्या पट्टीत आवाज काढा. आवाज बंद कानात मोठा वाटला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता जास्त. मळ त्यातच मोडतो. आवाज चांगल्या कानाकडे सरकला, तर आतल्या कानाच्या नसेचा प्रश्न असू शकतो. ही घरगुती चाचणी आहे, निदान नव्हे. पण ती एका कारणासाठी सांगतो आहे: एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचं ऐकणं अचानक गेलं आणि आवाज दुसऱ्या कानाकडे गेला, तर ‘मळ असेल, चार दिवस तेल घालू’ म्हणत बसायचं नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. अशा अचानक बहिरेपणावरचे उपचार लवकर, पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर उपयोगी पडायची शक्यता जास्त असते. गावाकडची यात्रा उरकून मग बघू, या नादात तो वेळ हातचा जातो.

पायरी ३: या लोकांनी घरी काहीच घालायचं नाही

पुढच्यापैकी एक जरी लागू होत असेल तर तेल नाही, थेंब नाहीत, पाणी नाही. थेट डॉक्टर:

- कानातून पू, रक्त किंवा वास येणारं पाणी येतं
- कान दुखतो, ताप आहे, किंवा कानाची पाळी हलवली तरी ठणकतं
- पडद्याला भोक आहे, पूर्वी होतं, किंवा लहानपणी कान वाहायचा
- कानाचं ऑपरेशन झालं आहे किंवा पडद्यात नळी बसवली आहे
- चेहऱ्याची एक बाजू वाकडी वाटते, किंवा चक्कर इतकी की उभं राहवत नाही
- लहान मुलाच्या कानात काही गेलं असावं असा संशय आहे

शेवटच्या मुद्द्यावर थोडं जास्त. मूल शेंगदाणा, वाटाणा, हरभरा कानात घालतं. पाणी घातलं तर दाणा फुगून घट्ट बसतो. घड्याळाची किंवा खेळण्यातली बटण बॅटरी असेल तर ती काही तासांत आतली कातडी भाजते, अशा वेळी रात्र असली तरी वाट बघायची नाही.

मधुमेह्यांनी वेगळं जपावं. त्यांच्या मळाची आम्लता कमी असू शकते आणि काडीने झालेला छोटा ओरखडा कवटीच्या हाडापर्यंत जाणाऱ्या गंभीर संसर्गाची सुरुवात ठरू शकतो. साखर असलेल्या माणसाचा कान रात्री झोप उडवेल असा ठणकायला लागला, तर तो मळ नाही असं धरून चाला.

पायरी ४: मळ मऊ करणे

वरचं काहीच नसेल आणि फक्त कान गच्च वाटत असेल, तर हे घरी करता येतं.

काय घालायचं? ऑलिव्ह तेल, बदाम तेल, ग्लिसरीन, किंवा मेडिकलमधून मळ मऊ करायचे थेंब. सोडियम बायकार्बोनेटचेही थेंब मिळतात. कोणते चांगले, यावर दुकानातला पोरगा ठासून सांगेल; पण २०१८ मध्ये उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा एखादा थेंब दुसऱ्यापेक्षा सरस असा भक्कम पुरावा सापडला नाही. म्हणून स्वस्त आणि साधं ते घ्या. बदामाची ॲलर्जी असेल तर बदाम तेल अर्थातच नको. खायचा सोडा पाण्यात कालवून घरी औषध बनवायच्या भानगडीत पडू नका, प्रमाण चुकतं आणि कातडी कोरडी पडते.

लसूण घालून कढवलेलं तेल, कांद्याचा रस, गोमूत्र, जखमेसाठी आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड, यांतलं काही नको. लसणाच्या तेलाने कान भाजलेला माणूस डॉक्टरकडे नेताना आधी आजीला समजवावं लागतं, ते वेगळंच काम.

आता कृती.

बाटली पाचेक मिनिटं मुठीत किंवा खिशात धरा. तेल अंगाच्या उबेइतकं हवं. चुलीवर किंवा गॅसवर गरम केलेलं नको आणि फ्रीजमधलं तर मुळीच नको; थंड किंवा जास्त गरम द्रव कानात गेला की गरगरतं.

गच्च झालेला कान वर येईल असं कुशीवर झोपा. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढला की वळणाची नळी सरळ होते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाचा कान खाली आणि मागे ओढतात, पण त्या वयात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थेंब घालूच नका.

दोन-तीन थेंब नळीच्या कडेने सोडा, म्हणजे आतली हवा बाहेर निघेल. मग कानाच्या भोकासमोरचं जे छोटं बोंड असतं ते बोटाने चार-पाच वेळा दाबा. पाच ते दहा मिनिटं तसंच पडून राहा. टीव्हीकडे तोंड करून झोपलात तर वेळ जातो. उठल्यावर बाहेर आलेलं तेल पुसा. कापसाचा बोळा कोंबू नका, तो घातलेलं तेल पिऊन टाकतो.

दिवसातून दोन-तीन वेळा, तीन ते पाच दिवस. डब्यावर किंवा कागदावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा.

पहिल्या दोन दिवसांत कान आणखी गच्च होऊ शकतो, कारण मळ फुगतो. इथेच बहुतेक लोक घाबरून काडी हातात घेतात. थांबा. मळ तुकड्यातुकड्याने किंवा तेलाबरोबर ओघळून, बऱ्याचदा उशीवर, निघून जातो. काहींचा पूर्ण निघायला आठवडा-दोन आठवडे लागतात. घातल्या घातल्या आग झाली, तीव्र दुखलं किंवा घशात औषधाची चव आली, तर बंद करा. घशात चव येणं म्हणजे पडद्याला भोक असू शकतं.

पिचकारीने घरी पाणी मारावं का? काही देशांत मऊ झाल्यावर रबरी बल्बने कोमट पाणी सोडायला सांगतात. माझं मत विचाराल तर, पडदा शाबूत आहे हे एकदाही डॉक्टरांनी पाहिलेलं नसेल तर नको.

रस्त्यावरचे कान साफ करणारे, मेणबत्त्या आणि कॅमेरावाली काडी

कानावर कापूस खोचून, हातात सळई घेऊन फिरणारे लोक गर्दीच्या ठिकाणी अजून दिसतात. त्यांचा हात स्थिर असतो हे मान्य. पण तीच सळई किती कानांत जाते, आणि तुमच्या पडद्याची अवस्था त्यांना माहीत नसते. काही जण कानातून भलामोठा खडा काढून दाखवतात. तो कानातूनच आला का, हा प्रश्न मनात ठेवा.

इअर कँडल म्हणून कानात पोकळ मेणबत्ती लावायची टूम इंटरनेटवरून आली आहे. ती मळ ओढत नाही. आत दिसणारा पिवळा गाळ मेणबत्तीचाच असतो, आणि गरम मेण पडून कान भाजतो.

मोबाइलला जोडायची कॅमेरावाली काडीही ऑनलाइन मिळते. चित्र स्वच्छ दिसतं, हे खरं. पण पडद्यावर काही दिसलं की हात आवरत नाही, आणि सपाट चित्रावरून पडदा किती जवळ आहे हे कळत नाही.

पायरी ५: डॉक्टरकडे काय होतं

पाच दिवस थेंब घालून फरक नाही, किंवा घरी काही घालायचंच नाही अशा यादीत तुम्ही आहात, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून कान-नाक-घसा विभागात दाखवता येतं. गल्लोगल्ली खासगी दवाखानेही आहेत.

जाताना सांगायच्या गोष्टी आधीच ठरवून जा: साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पूर्वी कान वाहिला का, ऑपरेशन झालं का, कानात काय काय घातलं. शेवटचं लपवू नका. आगकाडी म्हटल्याने कुणी हसत नाही, त्यांना रोज ऐकायला मिळतं.

डॉक्टर आधी प्रकाशाच्या यंत्राने आत बघतात. मग तीनपैकी एक: बारीक नळीने ओढून घेणं, म्हणजे सक्शन, चिमटा किंवा हूक वापरून काढणं, किंवा अंगाच्या तापमानाचं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपासचं पाणी सोडून धुणं. सक्शनचा आवाज कानात जवळून येतो, त्याने दचकायला होतं. लहान मुलाला आधी सांगून ठेवा. मळ दगडासारखा झाला असेल तर थेंब देऊन चार-पाच दिवसांनी परत बोलावतील. फेरी वाया गेली म्हणून चिडू नका, तो घाईने खरवडण्यापेक्षा हे बरं.

मळ निघाल्यावरही ऐकू आलं नाही तर तसं तिथेच सांगा. मळ हे कारण नव्हतं, असा त्याचा अर्थ असू शकतो आणि ऐकण्याची चाचणी करावी लागेल.

साचू नये म्हणून

पहिला नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: नळीत कोरायला काही घालायचं नाही. आंघोळीनंतर टॉवेलच्या टोकाने बोट जाईल तेवढंच बाहेरून पुसायचं.

रविवारी डोक्याला तेल, त्याबरोबर कानात दोन थेंब, ही सवय घरोघर आहे. ज्यांना वारंवार मळ साचतो त्यांना डॉक्टर अधूनमधून तेलाचे थेंब सांगतात, ती गोष्ट वेगळी. पण सरसकट सगळ्यांनी, त्यातही जून ते सप्टेंबरमध्ये, नको. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तेलकट ओला कान बुरशीला आवडतो. असह्य खाज आणि काळे ठिपके मिसळलेला ओलसर पांढुरका कचरा हे बुरशीचं लक्षण. त्यावर आणखी तेल घातलं की ती वाढते.

तान्ह्या बाळाला न्हाऊ-माखू घालणाऱ्या मावशी कानात तेल सोडतात, कधी फुंकर घालतात. त्यांना स्पष्ट पण प्रेमाने सांगा, ‘मावशी, अंगाला लावा पाहिजे तेवढं, कानात मात्र नको.’ त्यांचा अनुभव मोठा असतो, राग येतो थोडा, पण ऐकतात.

पोहणाऱ्यांनी बाहेर आल्यावर डोकं एकीकडे कलंडवून पाळी ओढायची, मग दुसरीकडे. केस वाळवायचं यंत्र असेल तर थंड हवेवर, हातभर लांब धरून. ज्यांच्या पडद्याला भोक आहे त्यांनी पंचगंगेत किंवा विहिरीत डोकं बुडवू नये.

तालमीतल्या पोरांचा प्रश्न खास कोल्हापुरी. लाल मातीत लोळून कानात माती जाते, आणि कुस्तीत कान मोडला की भोकाचं तोंडही आवळून येऊ शकतं. मोडलेला कान पैलवानाची शान मानतात, त्यावर मी काही बोलणार नाही. पण ताजा मार लागून कान सुजला, आत रक्त साचलं, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत दाखवा, म्हणजे रक्त काढून टाकता येतं. रोजच्या मातीसाठी सराव झाल्यावर ओल्या फडक्याने बाहेरून पुसणं पुरेसं. पेटीतली काडी तालमीत आणूच नका.

शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या भागांत फौंड्री आणि मशिनशॉपमध्ये काम करणाऱ्यांनी मळाच्या भीतीने आवाज अडवणारे कानातले बोळे काढून टाकायचे नाहीत. मोठ्या आवाजाने गेलेलं ऐकणं परत येत नाही, मळ काढता येतो. काळ्या वाळूने माखलेल्या हातांनी फोमचे बोळे वळू नका, ते मळले की बदला. वारंवार मळ साचत असेल तर कान झाकणारे बाहेरचे मफ मागून घ्या.

इअरफोनचं बोंड आठवड्यातून एकदा काढून पुसा, आणि मधून मधून कान मोकळे ठेवा.

राहिले घरातले वृद्ध. आबा टीव्हीचा आवाज वाढवतात, हाक मारली तर ओ देत नाहीत, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं, आता असंच.’ श्रवणयंत्राचा खर्च करण्याआधी कानात मळ आहे का ते एकदा बघून घ्या. यंत्र आधीच असेल आणि ते शिट्टी मारायला लागलं किंवा आवाज बारीक झाला, तर ते दुरुस्तीला टाकायच्या आधीही कान तपासा, कारण मळाने आवाजाची वाट अडते. सकाळी, रात्रभरात मळ वाळलेला असताना, यंत्राचं टोक कोरड्या मऊ कापडाने पुसावं, मळ अडवणारी जाळी भरली की बदलावी, आणि पावसाळ्यात रात्री ओल शोषणारी पुडी असलेल्या डबीत ठेवावं. यंत्र लावणाऱ्यांचा कान दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून बघून घेतला तर चांगलं. आबा स्वतःहून जाणार नाहीत. साखर तपासायला नेताना त्याच फेरीत कानही दाखवा.